कोरड्या रानात आधी काय घ्यावं

सातारा जिल्ह्यातला खंडाळा तालुका म्हणजे वाळवंट नव्हे. लोणावळ्याशेजारचं थंड हवेचं खंडाळा वेगळं. हे पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटाच्या अलीकडे लागतं. वाळवंट म्हणायचं तर वर्षाचा पाऊस साधारण अडीचशे मिलिमीटरच्या आत हवा, आणि इथे तो पाचशेच्या आसपास पडतो. पण सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवरच्या महाबळेश्वरात पाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो, हे लक्षात घेतलं की सह्याद्री या बाजूला किती थोडं येऊ देतो ते कळतं. शिरवळ-लोणंदपासून फलटण, माण, खटाव, आटपाडी, जतपर्यंत हा पर्जन्यछायेचा सलग पट्टा आहे. नीरेचे कालवे आले, धोम-बलकवडीचं पाणी आलं आणि खंडाळ्याच्या काही शिवारांत ऊस उभा राहिला. कालव्याच्या वरच्या अंगाला मात्र माळ तसाच राहिला आहे. मुरूम, कुसळी गवत, वेडी बाभूळ, फड्या निवडुंग, आणि एप्रिल-मे महिन्यांत चाळीस अंशांच्या घरातलं ऊन.

वाळवंटात किंवा अशा कोरड्या रानात जायचं तर सुरी कोणती घ्यावी आणि सामान काय न्यावं, हा प्रश्न हल्ली बरीच तरुण मंडळी विचारतात. कुणाला जैसलमेरला मोटारसायकलवरून जायचं असतं, कुणाला कच्छच्या रणात, कुणाला माणदेशातल्या डोंगरांवर उन्हाळी भटकंती करायची असते. उत्तर शोधताना बहुतेक जण परदेशी सुऱ्यांच्या जाहिरातींपाशी पोहोचतात. दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला बिऱ्हाड घोड्यांवर लादून निघणारे आणि पावसाच्या तोंडावर परतणारे या पट्ट्यातले मेंढपाळ महिनोन्‌महिने उघड्यावर राहतात. त्यांनी काय बरोबर घ्यायचं हे पिढ्यान्‌पिढ्या तावून घेतलं आहे, पण त्यांना कुणी विचारत नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ या कादंबरीत (१९५५) दुष्काळाने मेंढपाळांची अख्खी वाडी उठते. जगण्यासाठी वाडी उठते तेव्हा बरोबर काय न्यायचं आणि मागे काय टाकायचं, हे ठरवण्याची सवय ज्यांच्या अंगात मुरली आहे, अशी ही माणसं.

माझं मत आधीच सांगतो. कोरड्या रानात पाणी, सावली आणि पायताण यांच्यानंतर सुरीचा नंबर लागतो, बराच नंतर. तरीही ती नीट निवडावी लागते, कारण चुकीची सुरी ओझं होते आणि योग्य सुरी दिवसातून वीस वेळा हातात येते.

पाण्याचा हिशेब माणसांवर प्रयोग करूनच झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला वाळवंटात लढायचं होतं, तेव्हा एडवर्ड अॅडॉल्फ या शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या गटाने कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांचा घाम, वजन आणि चाल मोजली. १९४७ साली ते काम पुस्तकरूपाने आलं. दिवसाचं कमाल तापमान ४९ अंशांच्या आसपास असेल, पाणी अजिबात नसेल आणि माणूस हालचाल न करता सावलीत पडून राहील, तर तो सुमारे दोन दिवस तगतो. जवळ चार लिटरच्या आसपास पाणी असलं तरी फार तर अर्धा दिवस वाढतो. तापमान ३८ अंशांवर असेल तर बिनपाण्याचे पाच दिवस मिळतात. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात माणूस वाचतो तो पाण्याच्या साठ्याइतकाच स्वस्थ बसण्यामुळे. उन्हात चालताना तासाला लिटरभर घाम सहज जातो. अॅडॉल्फच्या कामातून निघालेला नियम असा की पाणी वाचवू नका, घाम वाचवा. बाटलीत राखून ठेवलेलं पाणी घेऊन मेलेली माणसं वाळवंटात सापडलेली आहेत. तहान लागली की प्यावं आणि दुपारी चालू नये.

मेंढपाळ हे न मोजता पाळतात. दुपारी बारा-साडेबाराला कळप लिंबाच्या नाहीतर बाभळीच्या सावलीला आणतात. सावली पुरली नाही तर मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहतात, कारण मेंदू तापू द्यायचा नाही हे त्यांनाही ठाऊक असतं. माणूस घोंगडीवर आडवा होतो. उन्हं कलली की पुन्हा निघायचं. नवख्या गिर्यारोहकाचं उलट होतं. सकाळी आवरायला उशीर होतो आणि चढण नेमकी भर दुपारी गाठली जाते.

सातारा जिल्ह्याचा खऱ्याखुऱ्या वाळवंटाशी आलेला संबंध युद्धातला आहे आणि तो फार दुःखाचा आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पुण्याची सहावी डिव्हिजन गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. कूत-अल-अमारा इथे डिसेंबर १९१५ पासून वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी अन्न संपल्यामुळे शरणागती पत्करावी लागली. त्यानंतर कैद्यांना बगदादमार्गे समाऱ्यापर्यंत नेलं आणि तिथून मोसूल, पुढे रास-अल-ऐनपर्यंत उन्हाळ्यात पायी हाकललं. उपाशी, आजारी माणसांची ती चाल होती. वाचलेल्यांनी लिहून ठेवलेल्या हकिगतींत एक गोष्ट वारंवार येते. बूट आणि पाण्याची बाटली. कुणाची पहारेकऱ्यांनी हिसकावली, कुणी भाकरीच्या तुकड्यासाठी विकली, आणि ज्यांच्याकडून ती गेली ते पुढच्या टप्प्यांत मागे पडत गेले. त्या युद्धात एकट्या अपशिंगे (मिलिटरी) या सातारच्या गावातले ४६ जवान गेले असं सांगितलं जातं. ते सगळे मेसोपोटेमियातले होते असं नाही, पण जिल्ह्याने त्या युद्धाला काय दिलं याचा अंदाज त्यावरून येतो. वाळवंटासाठी सामान कसं निवडावं यावर मला याहून मोठा पुरावा माहीत नाही. संगिनी आणि सुऱ्या शरणागतीच्या दिवशीच गेल्या होत्या. जीव अडला तो पायात काय आहे आणि कमरेला पाणी आहे का यावर.

पाणी न्यायचं कशातून, हा पुढचा प्रश्न. पूर्वी चामड्याच्या पखाली होत्या, दुध्या भोपळ्याची पोखरून वाळवलेली भांडी होती. राजस्थानात कॅनव्हासची छागल असे. तिच्यातून पाणी किंचित पाझरतं, वाऱ्याने वाळतं आणि आतलं गार राहतं. आता वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या तळावर, प्लॅस्टिकचे कॅन दिसतात, भोवती ओलं तरट गुंडाळलेलं. तत्त्व तेच. एकाच मोठ्या कॅनपेक्षा पाणी दोन-तीन भांड्यांत वाटून न्यावं असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. कॅन फुटला, बूच सैल राहिलं तर सगळं जातं. बाभळीचा काटा मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीला सहज भोक पाडतो, त्यामुळे पाठीवरच्या नळीवाल्या पिशव्या या रानात भरवशाच्या नाहीत.

रानात पाणी मिळवायच्या युक्त्यांबद्दल बरंच छापलं जातं. खड्डा खणायचा, वर प्लॅस्टिकचा कागद ताणायचा, मध्ये दगड ठेवायचा आणि कागदाखाली जमलेले थेंब भांड्यात गोळा करायचे, ही युक्ती १९६५ साली अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी मांडली आणि तेव्हापासून ती प्रत्येक पुस्तकात आहे. खणायला जेवढा घाम जातो तेवढं पाणी त्या खड्ड्यातून बहुतेक वेळा येत नाही. मुरमात तर नाहीच. निवडुंग कापून रस पिणं हेही तसंच धोक्याचं. काही निवडुंगांचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळा सुजतो, पोटात गेला तर उलट्या होऊन आहे ते पाणीही जातं. इथे पाणी शोधायचं म्हणजे विहीर कुठे आहे ते माहीत असणं, ओढ्याच्या वळणावर वाळूत झरा उकरणं, आणि सगळ्यात आधी जवळच्या वस्तीवर जाऊन मागणं. माळावर कुत्रं भुंकलेलं ऐकू येण्याइतक्या अंतरावर माणूस बहुधा असतोच.

मिळालेलं पाणी गाळून घ्यावं याचा इतिहास आपल्या भागात ताजा आहे. नारूचा रोग महाराष्ट्रातल्या कोरड्या भागांत, पायऱ्यांच्या विहिरींच्या काठी, कित्येक पिढ्या होता. नारू झालेला पाय पाण्यात बुडला की जंतूची पिल्लं पाण्यात उतरत, तिथल्या सूक्ष्म प्राण्यांच्या पोटात वाढत, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगात वर्षभराने हातभर लांब कृमी निघे. दुहेरी कापडातून पाणी गाळा, पायऱ्यांच्या विहिरींना बंदिस्त करा, एवढ्या साध्या मोहिमेने तो गेला. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. डोक्याचा पटका हे त्या कोरड्या रानातलं पहिलं गाळणं होतं, आणि आजही आहे. दोन पदर करून गाळलं की गाळ आणि किडे अडतात. जुलाबाचे जंतू मात्र अडत नाहीत, त्यासाठी उकळणं किंवा क्लोरीनची गोळी हवीच. पटक्याचे बाकीचे उपयोग मोजायला बसलं तर लेख त्यातच संपेल. ऊन अडवणं, विहिरीतून तांब्या ओढणं, मोडलेला हात गळ्यात बांधणं, करडू पाठीशी बांधून नेणं. सुरीआधी चांगलं चार-पाच मीटर सुती कापड घ्या.

मिठाचंही तसंच. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही अशी इकडे समजूत आहे, आणि लोणंद तर कांद्याचीच बाजारपेठ. भाकरीबरोबर कांदा खाणं उत्तमच, पण खिशातल्या कांद्याने उष्माघात टळत नाही. घामाने गेलेलं मीठ पोटात जायला हवं. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढं लक्षात ठेवावं, किंवा जलसंजीवनीची पाकिटं बरोबर ठेवावीत. त्यांचं वजन काहीच नसतं.

आता घोंगडी. उन्हात काळं जाड लोकरीचं पांघरूण कशाला, असं शहरी माणसाला वाटतं. नेमका हाच प्रश्न सिनाईतल्या बदाउनींबद्दल पडला होता. भर वाळवंटात काळे झगे का? १९८० साली ‘नेचर’ या नियतकालिकात चार संशोधकांनी मोजमापं देऊन उत्तर दिलं. काळं कापड पांढऱ्यापेक्षा जास्त तापतं हे खरं, पण झगा सैल असला की ती उष्णता कापड आणि अंग यांमधल्या हवेत अडते आणि वाहून जाते. कातडीपर्यंत पोहोचणारी उष्णता काळ्या-पांढऱ्यात जवळजवळ सारखीच राहते. डोक्यावरून सैल सोडलेल्या घोंगडीच्या खोळीचं काम असंच चालतं. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या तीसेक टक्के ओल शोषूनही अंगाला ओली लागत नाही, आणि ठिणगी पडली तर सिंथेटिक जाकिटासारखी वितळून चिकटत नाही. माळावर रात्री उघड्यावर झोपणाऱ्याला आणि थारमध्ये डिसेंबर-जानेवारीत जाणाऱ्याला तिची किंमत कळते. जिथे फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश नोंदले गेले, त्याच वाळवंटात हिवाळ्याच्या रात्री दात वाजतात.

या घोंगडीची लोकर दख्खनी मेंढीची, वर्षातून दोनदा कातरलेली. विणणारे सनगर, आणि ताण्याला चिंचोक्याची खळ. ही साखळी आता तुटत चालली आहे. मांसाला भाव आहे, लोकरीला नाही, म्हणून जत तालुक्यातल्या माडग्याळ मेंढीसारख्या उंच, वजनदार पण अंगावर लोकर बेताची असणाऱ्या जातीकडे कल वाढला. कातरलेली लोकर कित्येक ठिकाणी उकिरड्यावर जाते. एक अस्सल घोंगडी घेतली तर माणसाला वीसेक वर्षं दुसरं पांघरूण लागत नाही, असं असताना आपण दर दोन वर्षांनी फाटणारं परदेशी जाकीट घेतो हे मला खटकतं, आणि केवळ भावनेपोटी नव्हे.

पायताणाबद्दल थोडक्यात. वेडी बाभूळ, बोर, हिवर आणि हिंगण यांचे काटे पातळ रबरी तळव्यातून आरपार जातात. म्हणून मेंढपाळांच्या वहाणांना टायरचा जाड तळ असतो. बूट घालायचे तर कडक तळाचे, अंगठ्यापुढे बोटभर जागा असलेले, कारण उन्हात पाय सुजतो. आणि बरोबर एक चांगला चिमटा आणि जाड सुई. काटा मोडून आत राहिला की दोन दिवसांत पाय पिकतो आणि चालणं संपतं. जगभर प्रसिद्ध असलेल्या स्विस खिशातल्या सुरीत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पातं नव्हे, मुठीत खोचलेला चिमटा.

आता सुरीकडे येऊ. सुरी निवडताना पहिला प्रश्न, कापायचं काय? माळावर दिवसभरात कापलं जातं ते असं: दोरी, सुतळी, तरट, घायपाताचं पान, शेळ्या-करडांसाठी बाभळीचे डहाळे, वाघरीभोवती, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीभोवती, लावायला काटेरी फांद्या, कांदा, मिरची, कधी नव्या कोकराची नाळ, कधी वाढलेलं खूर. यातल्या डहाळ्यांना आणि काटेरी फांद्यांना सुरी चालत नाही. त्याला लांब दांड्याची कुऱ्हाड किंवा काठीच्या टोकाला बांधलेला विळा लागतो, कारण बाभळीच्या जवळ हात नेला की रक्त निघतं. हे मेंढपाळांचं जुनं हत्यार आहे, आणि कुणा सुरी बनवणाऱ्या कंपनीला अजून त्याला पर्याय सापडलेला नाही. म्हणजे कामाची विभागणी सरळ आहे. तळावर एक कोयता किंवा कुऱ्हाड, आणि कमरेला एक लहान सुरी. दोन्ही कामं एकाच पात्याकडून करून घेण्याचा हट्ट धरला की एक मधलंच जड हत्यार हाती पडतं, जे कांदा चिरायला मोठं आणि फांदी तोडायला हलकं.

या हट्टाला सिनेमाने खतपाणी घातलं. १९८२ साली ‘फर्स्ट ब्लड’मध्ये सिल्व्हेस्टर स्टॅलनच्या हातात जिमी लाइल या कारागिराने बनवलेली सुरी होती. मूठ पोकळ, आत काडेपेटी आणि गळ, टोपणात होकायंत्र, पाठीवर करवतीचे दात. त्यानंतर जगभर तिच्या स्वस्त नकला निघाल्या आणि अजून निघतात. पोकळ मुठीत पातं जिथे बसवलेलं असतं तिथेच ते मोडतं. करवतीच्या दातांनी लाकूड कापलं जात नाही, फक्त फाटतं; शिवाय पाठीवर अंगठा टेकवून जोर द्यायची सोय जाते. अशी सुरी घेऊ नये, भेट मिळाली तर भिंतीवर टांगावी.

घ्यायची ती सुरी अशी असावी. पातं चार-साडेचार इंच, जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास, पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं, पाठ सरळ आणि कडा धारदार. मूठ लाकडाची, शिसव किंवा बाभूळ उत्तम. लोखंडी मुठीची सुरी उन्हात दगडावर अर्धा तास राहिली तर हातात धरवत नाही. काळा लेप दिलेली पाती तर आणखी तापतात. मिटणारी सुरी शहरात सोयीची, पण वाळू आणि मुरमाची धूळ तिच्या बिजागरीत शिरते, पातं अडतं, आणि तेल सोडलं तर धूळ जास्तच चिकटते. फ्रान्समधली ओपिनेलसारखी साधी मिटणारी सुरी, जी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बनते, तिची लाकडी मूठ ओलीने फुगते. कोरड्या रानात ती अडचण नसते, वाळूची असते. स्वीडनमधल्या मोरा गावच्या सुऱ्या स्वस्त आणि खरोखर चांगल्या आहेत. पण आपल्याकडे याहून सोपी वाट आहे.

ती वाट लोहाराच्या भात्यापाशी जाते. ट्रकच्या मोडलेल्या कमानपाट्यापासून विळे, कोयते, सुऱ्या आपल्या गावोगाव बनतात. गावचे लोहार बनवतात, आणि गाडीवर बिऱ्हाड घेऊन रस्त्याकडेला पाल टाकणारे घिसाडीही बनवतात. कमानपाट्याचं पोलाद हे वर्षानुवर्षं धक्के आणि वाकणं सोसण्यासाठीच केलेलं असतं. सिलिकॉन-मँगनीज किंवा क्रोमियमच्या जातीचं. कोरड्या रानातल्या सुरीला नेमका हाच गुण लागतो, काचेसारखी कडक धार नव्हे. सगळं काम पाणी देण्यात असतं. पातं लाल तापवायचं, चुंबक चिकटेनासं झालं की ते तयार झालं, मग धारेची बाजू तेलात बुडवायची. एवढ्यावर सोडलं तर पातं ठिसूळ राहतं आणि दगडावर पडून तुटतं. म्हणून पुन्हा मंद तापवून धारेवर गवती पिवळा रंग आला की थांबायचं. निळा चढला तर धार मऊ झाली. हे डोळ्यांनी ओळखणारे कारागीर अजून आहेत.

घेताना तपासायचं कसं? छोटी कानस बरोबर न्यावी. धारेवर कानस घसरली तर पाणी चढलं आहे, खाल्लं गेलं तर पातं मऊ आहे. पाठीवर मात्र कानसेने थोडं खाल्लं पाहिजे, म्हणजे पाठ चिवट आहे. धार उजेडात धरून केसासारखा तडा आहे का बघावं. पात्यावर टिचकी मारली तर स्वच्छ नाद यावा. आणि मुठीचे रिव्हेट हलत नाहीत ना, हे सगळ्यात आधी बघावं. पातं चांगलं असून मुठीमुळे फेकून दिलेल्या सुऱ्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत.

गंजणारं पोलाद की न गंजणारं, या वादात मी या रानासाठी गंजणाऱ्याच्या बाजूचा आहे. हवा कोरडी, त्यामुळे गंज हळू चढतो. कैरी-कांदा चिरल्यावर पुसून तेलाचं बोट फिरवलं की पुरतं. बदल्यात नदीतल्या कुठल्याही बारीक दाण्याच्या गोट्यावर धार लागते. शिवाय गारगोटी तिच्या पाठीच्या कडेवर आपटली की ठिणगी पडते. स्टेनलेसवर ती धड पडत नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांतून निघणाऱ्या गारगोट्या माळावर पायाला लागतात, म्हणून तर या पट्ट्यात चकमक इतकी चालली. आज लायटर घ्या, दोन घ्या, पण चकमकीची सोय पात्यात असणं वाईट नाही. कोकणात उतरणाऱ्या वाड्यांची गोष्ट वेगळी. खाऱ्या, दमट हवेत साधं पोलाद एका रात्रीत तांबूस होतं. तिकडे जायचं तर स्टेनलेस घ्यावं.

सुरी कशासाठी वापरू नये, हेही सांगायला हवं, कारण जिवावर बेततं ते इथे. सर्पदंशावर चिरा देऊन रक्त चोखायचं, हे चित्र अजून लोकांच्या डोक्यातून गेलेलं नाही. या माळावर फुरसं, घोणस, नाग, मण्यार असे चारही विषारी साप आहेत. फुरसं आणि घोणस यांच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. अशा माणसाला चीर दिली तर रक्त थांबत नाही. करकचून दोरी बांधणंही घातक. हातपाय न हलवता, फळीने आधार देऊन, सरळ प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यावं, एवढाच उपाय आहे. लाल विंचवाच्या बाबतीतही चीर, चुना, मंत्र यांत वेळ घालवू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाने विंचूदंशाचे मृत्यू किती कमी करता येतात हे दाखवून दिलं आणि त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. ते औषध लवकर पोटात जाणं महत्त्वाचं. म्हणून सामानात सुरीच्या आधी विजेरी हवी. रात्री पाय कुठे पडतो ते दिसलं तर निम्मे दंश होणारच नाहीत, आणि सकाळी बूट झाडून घालण्याला तर काहीच खर्च येत नाही.

लांडग्यासाठी सुरी लागते असं वाटणाऱ्यांना मेंढपाळ काय करतात ते पाहावं. वाघर लावतात, कुत्री सोडतात, शेकोटी ठेवतात, रात्री जागतात. हातात काठी असते. कोयत्याने लांडगा मारायची गोष्ट कुणी सांगत नाही.

कायद्याचा भाग बहुतेकांना ठाऊक नसतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या २०१६ च्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची सुरी शस्त्रांच्या यादीत येते; घरगुती, शेती, औद्योगिक वा शास्त्रीय कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. म्हणजे शेतावरचा कोयता गुन्हा नाही. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीसारखे आदेश लागू असताना सार्वजनिक जागी धारदार हत्यार घेऊन फिरणं गुन्हा ठरतं, आणि असे आदेश जिल्ह्यात वरचेवर निघतात. एसटीत कमरेला सुरी लावून बसू नये. सामानाच्या तळाशी, म्यानात, कापडात गुंडाळून ठेवावी. विमानात ती फक्त खाली देण्याच्या सामानात. चार-साडेचार इंची पात्याचा माझा आग्रह याही कारणासाठी आहे.

थारकडे जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. उपग्रहावरून संदेश पाठवणारी परदेशी यंत्रं आणि सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय आपल्या देशात वापरता येत नाहीत. ती जवळ सापडल्याने पर्यटकांना अटक झालेली आहे. साधा फोन, भरलेली पॉवरबँक, कागदाचा नकाशा, एक लहान आरसा आणि शिट्टी पुरे. रुग्णवाहिकेसाठी १०८, बाकी कशासाठीही ११२. आणि घरी किंवा शेवटच्या गावात कुणाला तरी सांगून जावं, कुठून जाणार, कुठे निघणार, कधीपर्यंत फोन आला नाही तर शोधायला यायचं. आषाढी वारीत ज्ञानेश्वरांची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामाला येते, तेव्हा दिंडीत रोज कोण मागे राहिलं याची विचारपूस होते. एकट्याने भटकणाऱ्याची विचारपूस करायला कुणी नसतं, ती सोय त्यालाच करून ठेवावी लागते.

हे सगळं जमवायला जाल तेव्हा सुरीची खरेदी शेवटी ठेवा, आणि ती आठवडी बाजारात, समोर बसून पातं घडवणाऱ्याकडून करा. त्याला नुसतं “सुरी द्या” म्हणू नका. कशाला हवी, काय कापणार, हात केवढा आहे, पाठीची कड धारदार का हवी, ते सांगा, आणि पाणी आपल्या समोर द्यायला सांगा. पैशाची घासाघीस करू नका. भाता बंद करून मुलांना कंपनीत पाठवण्याच्या बेतात असलेल्या माणसाला वर्षातून अशी चार गिऱ्हाइकं आली, तर तो आणखी काही वर्षं भाता चालू ठेवील.